ब्रेक सोडून बाकी प्रकृती उत्तम

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगांचा धरावा. उजवा गुडघा आणि डावा खांदा सध्या जमिनीला टेकत नाहीत. कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, एरवी उत्तर मला पाठ आहे. 'बरा आहे. काळजी नसावी.' गेल्या चौदा महिन्यांत माझ्या सहा पत्रांना तुमची सहा कार्डं आली आणि सहाही कार्डांवर एवढंच. परवा मी ती टेबलावर ओळीनं मांडली तेव्हा लक्षात आलं, की मजकूर तोच असला तरी अक्षर दर कार्डागणिक बारीक होत चाललंय. आता मी पडलो गुरांचा डॉक्टर. एखादं जनावर चारा खातं, पाणी पितं, पण अंगावर माशी बसली तरी कान हलवत नाही, तेव्हा त्याचा मालक म्हणतो 'बरं आहे' आणि मी माझी बॅग उघडतो. तुमच्या बाबतीत बॅग उघडायचा मला परवाना नाही, म्हणून हे पत्र. दाढ अजून ठणकते का? ठणकत असेल तर काढून टाका. (हा सल्ला मी माणसांना फुकट देतो आणि घोड्यांना पैसे घेऊन.)

आधी मनातलं बोलून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणानं स्वतःची स्तुती करता येईल. ताई गेली आणि पंधरवड्यात तुम्ही गॅरेजचं शटर खाली ओढलंत. पाने-पक्कड तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेत आणि खिडकीत जाऊन बसलात. भाची दर रविवारी मला फोन करते. मागच्या रविवारी ती म्हणाली, "मामा, बाबांची नखं हल्ली स्वच्छ असतात." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तुमच्या नखांतलं ग्रीस मी चाळीस वर्षं पाहत आलोय. तुमच्या लग्नाच्या फोटोत ताईनं तुम्हाला दोन्ही हात पाठीमागे घ्यायला लावले होते ते त्यासाठीच. (बघणाऱ्याला वाटतं, नवरदेवाला अटक झालेली आहे.) भाचीचं ते वाक्य ऐकून मला धडकी भरली. मला तुमची आठवण येते, भाऊजी. ताईचीही येते, पण तिच्यावर इलाज नाही. तुम्ही तर जिवंत आहात, बसनं चार तासांच्या अंतरावर आहात, आणि तरीही तुमची आठवण काढत बसावं लागतं, हे मला पटत नाही.

असो. हे पत्र त्याविषयी नाही. हे पत्र गाडीविषयी आहे.

माझी छोटी गाडी तुम्ही पाहिलेली आहे. (तिला 'चाकं लावलेला डबा' म्हणणारे तुम्हीच.) गेल्या महिन्यात डोंगरापलीकडच्या वस्तीवर एक गाय अडली होती. तिकडे निघालो आणि ओढ्यात डबा रुतला. उतरून काय झालंय ते बघेपर्यंत एका दारानं पाणी आत शिरलं आणि दुसऱ्या दारानं माझी बॅग तरंगत बाहेर पडली. शेवटी वस्तीवरच्या बैलानं मला ओढून काढलं. हा बैल माझा जुना पेशंट. गेल्या वर्षी त्याच्या खुराचं गळू मी फोडलं होतं, तेव्हा त्यानं मला लाथ मारली होती. या वेळी मारली नाही, यावरून औषध लागू पडलं असं मी समजतो. मी वस्तीवर पोचलो तेव्हा गाय मोकळी झालेली होती आणि वासरू उभं राहून दूध पीत होतं. दोघंही ठणठणीत. आनंदाचीच गोष्ट आहे, पण डॉक्टर न येता सगळं नीट पार पडलं हे चार लोकांना कळणं धंद्याच्या दृष्टीनं बरं नव्हे. तेव्हाच ठरवलं, की चारही चाकांना ओढ असलेली जुनी, दणकट जीप घ्यायची. पोस्टातल्या फळ्यावर चिठ्ठी लागलेली होतीच: 'जुनी जीप विकणे आहे. केवळ गाडी समजणाऱ्यांनीच यावे.' शेवटचं वाक्य वाचल्यावर आपल्यालाच बोलावणं आलंय याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

तुम्ही आत्ता हसलात. (हसला असाल तर हे पत्र वसूल झालं.) गाडीतलं मला काय कळतं याविषयीचं तुमचं मत मला माहीत आहे. 'डॉक्टर, तुम्ही गाडीला फक्त पाणी पाजा, बाकीचं मी बघतो', हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडावर, चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलेलं आहे. पण भाऊजी, ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं ओळखणं हा माझा सव्वीस वर्षांचा धंदा आहे. गाय बोलत नाही, गाडी बोलत नाही. गाय लाथ मारते, गाडीही मारते. (सुरू करायला पुढून हँडल फिरवावं लागतं अशा गाडीनं तुमच्या अंगठ्याचं काय केलं होतं ते आठवा.) राहता राहिला मालक. माझ्या धंद्यातला पहिला नियम असा, की तपासणी संपेपर्यंत मालकाला तोंड उघडू द्यायचं नाही. मालक खोटं बोलतो असं नाही. त्याला जे वाटतं ते तो सांगतो, आणि ते खोट्यापेक्षा वाईट. 'हिनं काहीएक खाल्लं नाही हो' असं शपथेवर सांगणाऱ्या माणसाच्या म्हशीच्या पोटातून मी त्याचीच हरवलेली चप्पल काढून दिलेली आहे. तेव्हा मालकाचं ऐकायचं नाही, जनावराचं ऐकायचं.

या नियमामुळे पुढचं सगळं घडलं. तरीही नियम बरोबर आहे असं माझं मत कायम आहे.

जीपचे मालक निवृत्त मोजणीदार निघाले. उंच, काठीसारखे सडपातळ गृहस्थ, कानावर पेन्सिल. त्यांचं घर गावाच्या टोकाला आहे. पडवीत मोजणीच्या साखळ्या आणि फिती खुंट्यांना लटकवलेल्या, खाली लाकडी खुंट उंचीप्रमाणे रांगेत, आणि बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी. एकतीस वर्षं त्यांनी तिच्यातून डोंगर मोजले. आम्ही आत शिरताच त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले की सुरुवात करण्याआधी तीन-चार गोष्टी. मी हात वर केला. नम्रपणे, पण केला. म्हटलं, आधी मला तपासू द्या, मग बोलू. कागद घेतला आणि न वाचताच शर्टाच्या खिशात घातला. मोजणीदारांनी तोंड मिटलं. त्यांचा चेहरा कसा झाला म्हणाल, तर शेजाऱ्यानं रातोरात कुंपण सरकवल्यावर होतो तसा.

तपासणीची पद्धत ठरलेली आहे. आधी हात न लावता तीन प्रदक्षिणा. जनावर उभं कसं राहतं, वजन कोणत्या पायावर देतं, हे लांबून दिसतं; जवळ गेलं की फक्त जनावर दिसतं. गाडी डाव्या बाजूला कललेली होती. गाईची डावी बाजू फुगून वर आली तर पोटात वायू धरलाय हे शेंबडं पोरही सांगेल, पण ही डावी बाजू खाली गेलेली होती, म्हणजे वायू कमी पडत असणार. मी डाव्या टायरना लाथ मारून पाहिली. हवा पुरेशी होती. मागे मोजणीदार 'डावीकडचा पाटा' एवढं म्हणाले, तोच मी पुन्हा हात वर केला. मग बॅगेतून कानाला लावायची नळी काढून इंजिनाला लावली आणि त्यांना गाडी सुरू करायला सांगितलं. चार सिलिंडरपैकी तीन नियमित चालत होते, चौथा मधूनच खोकत होता, म्हाताऱ्या बोकडासारखा. दोष अचूक सापडल्याचा मला मोठा आनंद झाला. ताप पाहायचा राहिला होता. थर्मामीटर कुठे लावावा हा प्रश्न होता. शास्त्राला धरून विचार केला तर सायलेन्सरशिवाय दुसरी जागा दिसेना. मोजणीदारांनी तोंड फिरवलं. थर्मामीटर फुटला. त्यावरून गाडी गरम होते एवढं नक्की झालं.

आता चुंबकाचं सांगतो, कारण ते तुमच्या कानावर इतर कुणाकडून येण्यापेक्षा माझ्याकडून आलेलं बरं. गाई चाऱ्याबरोबर खिळे, तारा गिळतात, म्हणून आम्ही त्यांच्या पोटात बोटाएवढं लोहचुंबक सोडून ठेवतो. सगळं लोखंड त्याला चिकटून एका जागी राहतं. गंजलेला पत्रा पुट्टी भरून वरून रंगवलेला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही, ही युक्ती तुमचीच. मी माझं चुंबक दाराला लावलं. चिकटेना. दुसऱ्या दाराला लावलं. चिकटेना. बॉनेट, मडगार्ड, मागची फळी, कुठेच नाही. म्हणजे ही गाडी अथपासून इतिपर्यंत पुट्टीची बनवलेली होती. असा प्रकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मोजणीदार दोन पावलं पुढे आले आणि 'अॅल्यु' म्हणाले. मी हात वर केला. (हो भाऊजी, अॅल्युमिनियम. ठाऊक आहे. आता ठाऊक आहे.)

नंतर खालची बाजू. गोणपाट अंथरून मी गाडीखाली सरकलो. चासीला गंज होता पण भोक नव्हतं. मी छोट्या हातोडीनं जागोजागी वाजवून पाहिलं आणि आवाज चांगला भरीव आला. तीन ठिकाणी तेल गळत होतं. तिसऱ्या ठिकाणाचं माझ्या कानात. बाहेर यायच्या वेळी डावा खांदा कुठल्याशा नळीखाली अडकला आणि मला पुढेही सरता येईना आणि मागेही. दहा मिनिटं मी तिथे पडून, तपासणी चालू असल्यासारखे अधूनमधून हातोडीचे ठोके मारत राहिलो. मग शेजारी फीत उलगडल्याचा आवाज आला. मोजणीदार पालथे पडून जमिनीपासून चासीपर्यंतचं अंतर मोजत होते. त्यांनी दोन्ही बाजूंची मापं घेतली आणि उजवीकडे दीड इंच जागा जास्त आहे, श्वास सोडून तिकडून निघा, असं सांगितलं. मी निघालो. त्या दिवसात मी त्यांचं ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते तंतोतंत बरोबर होतं. त्यावरून मी काही शिकायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण तोवर मला चढलेली होती. प्रत्येक दोषागणिक ती गाडी मला जास्त आवडायला लागली होती.

मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. आता खुडूक कोंबडीला उठवायचं नाही हे मी जगाला सांगत फिरतो, तेव्हा स्वतःच उठवणार कसा? तपासून पाहिलं; नऊ अंडी, अजून आठेक दिवस. मोजणीदार तिला उचलायला निघाले होते, मी त्यांना मनाई केली आणि ती आहे तशीच ठेवून गाडी चालवून बघायला निघालो. माझा हिशेब असा, की कोंबडी उठली नाही तर बसणाऱ्याला धक्के बसत नाहीत हे सिद्ध होईल. मी गाडीत बसून इंजिन सुरू करताच मोजणीदारांनी खिडकीला दोन्ही हातांनी धरलं आणि काहीतरी बोलायला घेतलं. मी हात वर केला. हात वर करायला स्टिअरिंग सोडावं लागलं, तेवढ्यात गाडी सुटली.

शेडपासून उतार आहे, उताराच्या खाली फाटक आणि फाटकापलीकडे त्यांचं मोकळं पडीक रान. फाटक उघडं होतं हे माझं नशीब, आणि फाटकाचंही. मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल थेट तळापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. कुठे काही घडलं नाही. गोठ्याचं दार उघडून आत जावं आणि गोठाच नसावा, तसं. शेजारचं ॲक्सिलरेटरचं पेडलही खाली गेलं होतं ते वर यायला तयार नव्हतं. अशा वेळी सामान्य माणूस घाबरतो. मी घाबरलो नाही, कारण बिथरलेल्या बैलाचं काय करायचं हे मला माहीत आहे. त्याला समोरून अडवायचं नाही. त्याला गोल फिरवायचं, फेरी आवळत आवळत आणायची, तो आपणच दमतो. मी तशीच गाडी रानात घातली आणि फिरवायला लागलो. (किल्ली फिरवून इंजिन बंद करता आलं असतं, असं तुम्ही आता म्हणणार. बैलाला किल्ली नसते, त्यामुळे ते मला सुचलं नाही.)

पहिली फेरी मोजणीदार माझ्याबरोबर धावले. दुसऱ्या फेरीला ते मागे पडले. मग त्यांनी एक जागा पकडली, तिथे ताठ उभे राहिले, आणि मी समोरून जाईन तेव्हा एकेक शब्द बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला म्हणाले, हँडब्रेक. चौथ्या फेरीला, चालतो. पाचव्या फेरीला, ओढा. मला आता हात वर करता येत नव्हता, म्हणून ऐकावं लागलं. मी ओढला. गाडी अशी थांबली की माझा गुडघा समोरच्या पत्र्यावर आपटला आणि टोपी बॉनेटवर जाऊन पडली. मी मागे वळून पाहिलं. कोंबडी बसलेली होती. मी चिखलाचे बूट घालून घरात शिरल्यावर आमची ही बघते, तशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. पण ती उठली नाही. तेवढ्यावरून सांगतो, पाटा मोडका असला तरी बैठक उत्तम आहे.

मग आम्ही रानाच्या बांधावर बसलो. इंजिन आता किल्लीनं बंद केलेलं होतं. मी खिशातला कागद काढला आणि वाचला. भाऊजी, तसं अक्षर मी पाहिलं नाही. फूटपट्टीनं रेघा मारून, गाडीतले तेवीस दोष क्रमवार लिहिलेले होते. पहिलाच: ब्रेक अजिबात नाहीत. सहावा: ॲक्सिलरेटर अडकतो. नववा: डावीकडचा स्प्रिंगचा पाटा मोडका. चौदाव्याला पुढच्या चाकांची ओढ तुटलेली, म्हणजे चार चाकांची म्हणून घ्यायला गेलेली गाडी प्रत्यक्षात दोन चाकांची होती. शेवटी: कोंबडी विक्रीत धरलेली नाही. मी माझी यादी काढून ताडून पाहिली. माझे अकरा दोष त्यांच्याशी जुळले, तीन मला नवीन सापडलेले होते, आणि त्या तिघांतला पुट्टीचा एक रद्द करावा लागला. तेविसांत दोनाची भर, त्यातून कोंबडी वजा, असे चोवीस. चोवीस दोष. मी इतका खूश झालो की मोजणीदार जरा घाबरले. त्यांना वाटलं, डोक्याला मार लागला.

त्यांनी चहा आणला. मी त्यांची माफी मागितली आणि आता मनसोक्त बोला म्हटलं, तर ते बोलेनात. एवढा वेळ गप्प बसवलेल्या माणसाचं असंच होतं. मग हळूहळू बोलले. माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. एक भंगारवाला, वजनावर मागत होता. दुसरा हॉटेलवाला, त्याला ती दारात उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. दोघांनाही त्यांनी वाटेला लावलं. महिनाअखेरीस ते मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला जाणार आहेत. तिथे साखळ्या टांगायला खुंटी नाही आणि गाडी उभी करायला जागा नाही. तोवर हिचं काही झालं नाही तर भंगारवाल्यालाच बोलवावं लागेल, आणि त्या दिवशी आपण घरात थांबणार नाही, म्हणाले. हे सांगताना ते गाडीकडे बघत नव्हते. मग त्यांनी मला विचारलं, "चालवणारे खूप मिळतात हो. तुमच्याकडे हिला दुरुस्त करणारा माणूस आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

कोण म्हणून विचारल्यावर मी सांगायला लागलो. आणि मालकाला बोलू द्यायचं नाही हा नियम गिऱ्हाइकाला लागू नसल्यामुळे मी चांगला पाऊण तास बोललो. तुम्ही घरात जेवता जेवता कोपऱ्यावरून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते सांगायचात, ते सांगितलं. मिळत नसलेला भाग तुम्ही कानशीनं घासून घडवायचात आणि तो मूळ भागापेक्षा जास्त टिकायचा, ते सांगितलं. ताईनं एकदा तुम्हाला विचारलं होतं की माझ्यात आणि गाडीत आधी कुणाकडे बघाल, आणि तुम्ही अत्यंत प्रामाणिकपणे गाडीला काय झालंय ते आधी विचारलं होतंत, तेही सांगितलं. मोजणीदारांनी आपल्या बायकोचा चष्मा अजून गाडीच्या कप्प्यात असतो असं सांगितलं आणि कप बशीत पालथा घातला. मग कानावरची पेन्सिल काढली, यादीच्या तळाशी आणखी एक रेघ मारली आणि लिहिलं: दुरुस्ती करणारा आहे, प्रत्यक्ष पाहणे बाकी.

त्यांची अट अशी, की त्या माणसानं स्वतः यावं, गाडीखाली झोपावं, आणि खालूनच सांगावं की ही उभी राहील की नाही. तुम्ही हो म्हणालात तरच व्यवहार. किंमत त्यांनी अशी सांगितली आहे की ती ऐकून मलाच लाज वाटली. माझ्या शब्दाला त्यांच्या लेखी काडीची किंमत नाही. (सायलेन्सरचा प्रसंग त्यांच्या मनातून गेलेला दिसत नाही.)

तर अशी आहे गाडी. एकंदरीत ब्रेक, पाटा, ओढ, चौथा सिलिंडर आणि किरकोळ वीसेक गोष्टी सोडल्या तर प्रकृती उत्तम आहे. तपासणी माझ्या पद्धतीनं केल्यामुळेच हे सगळं इतकं स्पष्ट झालं, हे तुमच्यासारख्या जाणकाराला वेगळं सांगायला नको. मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद कळवायचे, तर तुमच्या घरात सध्या मोठेही तुम्हीच आणि लहानही तुम्हीच. दोन्ही ठेवून घ्या.

तुमचा,
गाडीला पाणी पाजणारा मेहुणा

ता. क. : मोजणीदारांना मी येत्या गुरुवारचा शब्द दिलाय. म्हणजे तुमचा शब्द मी दिलाय. तुम्हाला न विचारता दिला, कारण विचारलं असतं तर सातवं कार्ड आलं असतं.

दुसरा ता. क. : गॅरेज उघडू नका. शटरला हात लावायची गरज नाही. फळीवरचं पान्यांचं गुंडाळं तेवढं पिशवीत घाला आणि साडेसहाच्या बसमध्ये बसा. मी फक्त बॅटरी धरीन आणि बोलणार नाही. (पहिला तासभर तरी.)

तिसरा ता. क. : तुम्ही गाडीखाली जाऊन 'टाकाऊ आहे' म्हणालात तरी मी वाईट वाटून घेणार नाही. पण तसं नीट, सावकाश, दोन-तीनदा तपासूनच म्हणा.

चौथा ता. क., माझ्या हातचा : भाऊजी, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून मी उघडून वाचलं. फेऱ्यांचं आणि कोंबडीचं लिहिलंय ते गावातून माझ्या कानावर आलं तसंच आहे, कोंबडीनं माझ्यासारखं बघितलं हे सोडून. एक गोष्ट मात्र ह्यांनी लिहिलेली नाही. ही ह्यांनी पाहिलेली दुसरी गाडी. त्याआधी शाळेच्या ड्रायव्हरकडची पाहिली होती. अगदी अशीच जीप, चारही चाकांना ओढ, ब्रेक कडक, टायर नवे, किंमतही परवडणारी. ओढा पार करून दाखवला त्यानं. वर्षभर बॉनेट उघडावं लागणार नाही, म्हणाला. हे घरी आले आणि म्हणाले, ती नको. मी विचारलं, तिच्यात वाईट काय आहे? तर खाली बघून म्हणाले, "काहीच नाही गं. मग भाऊजींना बोलवू कशाला?" गुरुवारी स्वयंपाक दोघांचा करू की तिघांचा, तेवढं कळवा.